मुक्तीचे श्रेय आणि 'निरंक'चा शेरा

आपल्या बैठकींतून एक वाक्य आम्ही गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. विषय मजुरांच्या टंचाईचा निघो, संत्र्याच्या बागांचा निघो की जुन्या मालगुजारीचा, कोणी तरी वडीलधारे गृहस्थ सुपारी कातरता कातरता म्हणतातच, "आपल्याकडे गुलामगिरी कधी नव्हतीच. जे काही थोडेफार होते ते सरकारने कायद्याने संपवले. आणि कायदा येण्याआधीच आपल्या वाडवडिलांनी आपले गडी मोकळे केले होते." हे बोलणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांच्या पंक्तीला आम्ही जेवलो आहोत. तरीही या वाक्यात एक असत्य, एक अर्धसत्य आणि एक आत्मस्तुती आहे, आणि तिन्हींचा परामर्श घेणे आता टाळता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी प्रथम थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील गुलामगिरी कोणी संपवली, यावर तेथील इतिहासकारांत दीर्घकाळ वाद चालू आहे. शाळेत आपण सर्वांनी शिकलेले उत्तर सोपे आहे: अब्राहम लिंकन. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला, डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती संमत झाली आणि सुमारे ४० लाख माणसे मुक्त झाली. या उत्तराला पहिला मोठा धक्का दिला तो डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्रतिपादन केले की, युद्ध पेटताच लाखो गुलामांनी मळे सोडून उत्तरेच्या सैन्याची वाट धरली आणि तो एक सार्वत्रिक संपच होता. पुढे आयरा बर्लिन, बार्बरा फील्ड्स आदी अभ्यासकांनी सरकारी दप्तरांतील हजारो कागद प्रकाशात आणून हीच बाजू मांडली. गुलामांनी स्वतःला सोडवले. लिंकनचा जाहीरनामा त्यांच्या मागून चालत आला, असे त्यांचे म्हणणे.

एक प्रसंग तर कोणीही लक्षात ठेवावा असा आहे. मे १८६१ मध्ये, युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम रात्री होडीतून व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस त्यांना मागायला आला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्याने उत्तर दिले की, तुम्ही यांना मालमत्ता म्हणता आणि आमच्याविरुद्ध मोर्चे बांधायला लावता; तर शत्रूची मालमत्ता म्हणून आम्ही ती जप्त करतो. ही तीन माणसे परत गेली नाहीत. मागोमाग शेकडो आली, मग हजारो आली. ऑगस्ट १८६१ मध्ये आणि पुन्हा जुलै १८६२ मध्ये अमेरिकी संसदेला जप्तीचे कायदे करावे लागले. जाहीरनामा त्यानंतरचा आहे.

याला जेम्स मॅक्फर्सन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दिलेले उत्तरही तितकेच वजनदार आहे. ते म्हणतात, गुलाम पळाले हे खरे, पण पळून पोहोचायला किल्ल्यावर उत्तरेचे निशाण हवे होते. पळालेल्यांना परत गुलाम करण्याची तडजोड लिंकनने नाकारली, युद्ध जिंकले, म्हणून ती मुक्ती टिकली. जाहीरनाम्यानंतर सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या लष्करात लढले; त्यांच्या हाती बंदूक देण्याचा निर्णय वरूनच यावा लागला. जेम्स ओक्स यांनी २०१२ साली आणखी पुढे जाऊन दाखवले की लिंकनचा पक्ष आरंभापासूनच गुलामगिरी मोडण्याच्या इराद्याने चालला होता.

आमच्या अल्पमतीप्रमाणे या वादाचा निवाडा एका बाजूने होणार नाही. जो बांधलेला आहे त्याने पहिले पाऊल उचलल्यावाचून कायद्याला जाग येत नाही, आणि कायद्याचा आधार नसेल तर ते पाऊल पुन्हा मागे ओढले जाते. परंतु या साऱ्या वादात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालकांनी मन मोठे करून गुलाम सोडले आणि त्यामुळे गुलामगिरी संपली, असे यांपैकी एकही पक्ष म्हणत नाही. आपल्या बैठकीत मात्र तेच उत्तर पहिल्या पाटावर बसलेले असते.

अमेरिकेचा आणि आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आपल्या काळ्या मातीतच आहे. ते युद्ध पेटले आणि विलायतेच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस बंद पडला, तेव्हा खानदेश, वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो भाव कोसळला. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत येऊन पोहोचली तीही या कापसाचीच वाट शोधत. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाचे नशीब तेव्हा अमेरिकी गुलामांच्या मळ्यांशी असे जोडले गेले होते.

आता पहिले असत्य: "आपल्याकडे नव्हतीच." पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणींच्या आणि पोरग्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. (येथे कुणबीण म्हणजे दासी, कुणबी समाजातील स्त्री नव्हे, हा खुलासा आपल्या भागात आवश्यक आहे.) वाड्यांत, किल्ल्यांवर, पागांत आणि कोठारांत या स्त्रिया राबत. बदकर्माचा ठपका आलेल्या स्त्रियांना सरकारजमा करून बटीक केल्याची उदाहरणे आहेत. दुष्काळात पोटासाठी माणसे विकली गेली. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने आणि पुढे सुमित गुहा यांनी अठराव्या शतकातील या प्रथेवर साधार लेखन केलेले आहे. अमेरिकी मळ्यांवरील गुलामगिरीहून ही वेगळी होती, बहुतांशी घरगुती होती, हे आम्ही मान्य करतो. मात्र विकत घेतलेल्या माणसाला घरातले म्हटले म्हणून त्याची खरेदी रद्द होत नाही.

दुसरे अर्धसत्य: "सरकारने संपवली." इंग्रजांनी १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, गुलामांना काहीही दिले नाही. त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. कंपनीच्या मुलखासाठी १८४३ चा पाचवा कायदा आला. तो वाचून पाहावा. त्याने कोणाच्याही घरात शिरून कोणालाही सोडवले नाही. सरकारी अंमलदाराने थकबाकीपोटी माणूस विकू नये, न्यायालयाने माणसावरील मालकी हक्क मानू नये, गुलाम म्हणून कोणाची मिळकत हिरावू नये आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तोच गुलामाविरुद्धही गुन्हा समजावा, एवढेच त्यात होते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, दासी घर सोडून निघाली तर तिला धरून आणून देण्यास सरकार बांधील नाही. निघायचे तिनेच होते.

आणि सौंसर-पांढुर्णा तर तेव्हा कंपनीच्या मुलखात नव्हतेच. आपण नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतो. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, १८५४ साली राज्य खालसा झाले, त्यानंतरच इंग्रजी कायद्याचा हात इकडे पोहोचू शकला. माणसाला गुलाम म्हणून विकणे-घेणे हा फौजदारी गुन्हा ठरवणारी दंडसंहिता १८६० ची. तिचा अंमल १ जानेवारी १८६२ पासून.

मधल्या काळात त्याच सरकारने दुसरा एक कायदा केला, तो आपल्या बैठकींत कोणाला आठवत नाही. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, आगाऊ पैसे घेऊन कराराचे काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला तुरुंगात धाडण्याची तरतूद झाली. आरंभी मोठ्या शहरांपुरता असलेला हा कायदा अन्यत्र लागू करण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली होती, आणि तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. म्हणजे १८४३ मध्ये माणसावरची मालकी अमान्य केली आणि सोळा वर्षांनी उचलीच्या दोरीला सरकारी गाठ मारली.

अमेरिकेतही नेमके हेच घडले. तेराव्या दुरुस्तीनंतर दक्षिणेकडील राज्यांनी भटकेपणाचे व कराराचे कायदे करून मुक्त माणसांना पुन्हा मळ्यांशी जखडले. अलाबामातील अलोन्झो बेली या कृष्णवर्णीय मजुराने वर्षभराच्या कामाचा करार केला, महिना १२ डॉलर पगार ठरला, १५ डॉलर उचल घेतली, आणि सुमारे महिनाभरानंतर काम सोडले. त्याला फसवणुकीचा गुन्हेगार ठरवण्यात आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ साली तो कायदा घटनाबाह्य ठरवला. वर्षाचा करार आणि आगाऊ उचल! बेली आपल्या गावात जन्मला असता तर आपण त्याला सालदार म्हटले असते.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येऊन पोहोचतो. सालदारी म्हणजे गुलामगिरी, असे सरसकट विधान आम्ही करीत नाही. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला साल ठरवायचे, धान्य, कपडा आणि रोख द्यायचे, वर्ष सरले की हिशेब करून गडी मोकळा, असे स्वच्छ व्यवहार करणारी घरे आपल्यात होती आणि एका घरून दुसऱ्या घरी मानाने जाणारे गडीही होते. प्रश्न त्यांचा नाही. प्रश्न आहे तो ज्यांचा हिशेब कधीच पुरा झाला नाही त्यांचा: बापाच्या उचलीत मुलगा चराईला लागला, मुलीच्या लग्नाला घेतलेल्या पैशांत त्याची पुढची पंधरा साले गेली, आणि वहीतला आकडा मात्र जागचा हलला नाही. अशा माणसाला सालदार म्हणायचे की आणखी काही, हे ठरवण्याची एकच कसोटी आम्हांस दिसते: तो निघून जाऊ शकत होता काय?

या कसोटीचा धडा आम्ही पुस्तकात शिकलो नाही. बंधपत्रित श्रम पद्धती रद्द करणारा अध्यादेश ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याने असे सारे ऋण जागच्या जागी विझवले आणि ऋण बंधपत्रित नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. पुढे फरिदाबादच्या खाणींतून सोडवून मध्य प्रदेशात परत आणलेल्या मजुरांचे पुनर्वसनच झाले नाही, म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्य सरकारला खडे बोल सुनावले. त्यानंतर चौकशांना वेग आला. आम्ही तेव्हा शासकीय सेवेत नवखे होतो. एका तहसिलीतील काही गावे आमच्याकडे सोपवण्यात आली. कोणती तहसील, कोणते गाव, हे सांगण्याचे कारण नाही. दोष गावाचा नव्हता.

आम्ही गावात गेलो. पटवारी आणि कोटवार सोबत होते. गावच्या मोठ्या घराच्या ओसरीवर आम्हांला बसवण्यात आले, चहा आला. गड्यांना बोलावण्यात आले. ते अंगणात उभे, मालक आमच्या शेजारी खुर्चीवर. आम्ही विचारले, "तुमच्यावर कोणाची जबरदस्ती आहे काय?" सर्वांनी मान हलवून नाही म्हटले. आम्ही तक्त्यात 'निरंक' असा शेरा लिहिला, सही केली आणि उठलो.

गावकुसाबाहेर जीपजवळ त्यांच्यापैकी एक जण मागून येऊन उभा राहिला. वय पन्नाशीचे असावे. म्हणाला, "साहेब, माह्याकडं किती निघते, थे तुमच्या कागदावर हाये का?"

त्याने तक्रार केली नव्हती. त्याला फक्त आकडा हवा होता. ज्या ऋणापायी त्याचे आयुष्य गेले त्याचा आकडा त्याला ठाऊक नव्हता, आणि कायद्याने ते ऋण आठ-नऊ वर्षांपूर्वीच विझले आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्यासाठीच शासनाने आम्हांला तिथे पाठवले होते. आम्ही त्याला म्हणालो, "मालकाला विचार, बाबा," आणि जीपमध्ये बसलो. आमच्या सेवाकाळातील अनेक चुकांवर काळाने पांघरूण घातले. या एका चुकीवर ते बसत नाही.

दोनेक वर्षांनी कळले की तो कुटुंबासह नागपूरकडे निघून गेला. त्याच्या मालकांची नंतर एका लग्नात भेट झाली. ते सहज म्हणाले, "त्याला आम्ही सोडून दिला. म्हातारा झाला होता." आता पाहावे. मालकाच्या कथेत त्यांनी त्याला सोडले. सरकारी दप्तरात तो कधी बांधलेलाच नव्हता, कारण तिथे आमचा शेरा आहे. आणि तो रात्रीतून बायकामुलांना घेऊन चालत गेला, ही तिसरी हकीगत कोणत्याच कागदावर नाही. उद्या कोणी इतिहासकार सौंसर-पांढुर्ण्याचा इतिहास लिहू लागला, तर त्याला पहिल्या दोन गोष्टी सापडतील आणि तो प्रामाणिकपणे चुकीचा इतिहास लिहील. "आपल्याकडे नव्हतीच" हे वाक्य अशाच शेऱ्यांवर उभे आहे, आणि त्याच्या पायात आमचीही एक वीट आहे.

म्हणून तिसऱ्या गोष्टीला, आत्मस्तुतीला, आमचे उत्तर असे. या भागातील बांधलेले गडी मोकळे झाले ते मुख्यतः जायला जागा निर्माण झाली तेव्हा. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याच जिल्ह्यात पेंच खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी आणि सौंसर भागातल्या मँगनीजच्या खाणी निघाल्या. खाणीतले काम सुखाचे नव्हते, पण तिथली मजुरी रोख होती. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली आणि गावावरची एकहाती सत्ता सैल झाली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९७० च्या दशकात रोजगार हमीची कामे निघाली. पुढे बोरगावचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. यांतील प्रत्येक ठिकाण म्हणजे आपल्या गड्यांचा मन्रो किल्ला होता. ते तिथे चालत गेले. आणि संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केल्यानंतर, १९७६ च्या कायद्यानंतर, त्यांना पोलिसांकरवी परत आणण्याचा मार्ग उरला नाही, म्हणून ते तिथे टिकले. मालकाच्या दयेची या साखळीत कडी शोधूनही सापडत नाही. दयाळू मालक होते. पण दया ही व्यक्तीची असते, तिने पद्धत मोडत नाही. अनेकदा तर तिने पद्धतीचे आयुष्य वाढवले.

यावर आमच्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, जुन्या जखमा कशाला उकरता? आमचे म्हणणे, जखम ज्याची त्याने ती विसरावी की नाही ते ठरवावे; ज्याच्या हातून ती झाली त्याने ती विसरण्याचा सल्ला देऊ नये. दुसरा आक्षेप असा की, अमेरिकेची फूटपट्टी इथे लावणे हे परक्यांचे अनुकरण आहे. या आक्षेपकांनी जोतीराव फुल्यांचे स्मरण करावे. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला, तो आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या अपेक्षेने. अर्पणपत्रिका सातासमुद्रापलीकडे होती, पण मागणी पुण्यातल्या आणि आपल्या घरांकडेच होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनातील सक्तीच्या राबणुकीविरुद्ध विधेयक मांडले. आणि त्यांनीच १९४६ साली ज्या डुबॉइसचा उल्लेख वर केला त्यांना पत्र पाठवले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे जे गाऱ्हाणे मांडत होते त्याची प्रत बाबासाहेबांना हवी होती. डुबॉइसने उत्तरही दिले. ही फूटपट्टी मराठी माणसाने दीडशे वर्षांपूर्वी हाती घेतलेली आहे. आम्ही ती केवळ फडताळातून खाली काढत आहोत.

शेवटी एक विनंती, आणि तीच या लेखाचे प्रयोजन आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. आता जिल्ह्याच्या इतिहासाचे लेखन होईल, गौरवग्रंथ निघतील. भोसल्यांच्या काळापासून इथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांची नावे त्यांत येतील आणि ती यावीतही. परंतु आपल्या माळ्यांवर, देवघरामागच्या लाकडी पेट्यांत, लाल कापडात बांधलेल्या जुन्या खातेवह्या पडून आहेत. त्यांत गड्यांची नावे आहेत, उचलीचे आकडे आहेत, अंगठे आहेत. अनेक घरांतून त्या रद्दीत गेल्या, काहींनी लाजेपोटी चुलीत घातल्या, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्या उरल्या असतील त्या संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. द्यायच्या नसतील तर नक्कल करू द्यावी. कोणत्याही घराची वा माणसाची नावे जाहीर होणार नाहीत अशी अट घालावी; ती आम्ही सर्वप्रथम मान्य करू. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे अंगठे त्यांत आहेत त्यांपैकी कोणी विचारत आला, तर त्याला ते पान मात्र दाखवावे. जीपजवळ उभ्या असलेल्या त्या माणसाने एवढेच तर मागितले होते.

आमच्या घरच्या दोन वह्या आम्ही या महिन्यात ग्रंथालयात जमा करीत आहोत. त्यांतील काही पाने वाचताना आम्हांस मान खाली घालावी लागली, हे येथे नमूद करून ठेवतो.